ड्रोनच्या फोटोची एकच बाजू धूसर येते? दोष कॅमेऱ्यात आहे की उडवण्यात, ते असं ओळखा

तुळशीचं लग्न झालं की सीमाभागात लग्नसराई सुरू होते आणि ड्रोनवाल्यांच्या तारखा भरू लागतात. मंडपावरून घेतलेला फोटो मोबाईलवर झकास दिसतो. तोच अल्बमच्या दोन पानांवर पसरून छापला की खरी गोम कळते. उजवीकडची वऱ्हाडी मंडळी अगदी स्वच्छ, तर डावीकडची पाण्यातून पाहिल्यासारखी. मग ‘फोकस चुकला’, ‘वाऱ्यानं हललं’ अशी कारणं पुढे येतात. बऱ्याचदा ती खरी नसतात. दोष भिंगाच्या बसणीत असतो आणि तो पुढच्या प्रत्येक फोटोत त्याच जागी येणार असतो.

हा प्रश्न आता जास्त महत्त्वाचा झाला आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. त्यामुळे अनेकजण सेकंडहँड ड्रोन घेतात. बिल नाही, वॉरंटी नाही आणि आधी कुठे आपटला होता का, तेही कळायला मार्ग नाही. अशा वेळी पैसे मोजण्याआधी अर्धा तास देऊन केलेली तपासणी मोठं नुकसान वाचवू शकते.

फोकसचं कारण का पटत नाही?

ड्रोनचा सेन्सर लहान असतो आणि भिंग रुंद कोनाचं असतं. उदाहरणार्थ, एक इंची सेन्सर आणि ८.८ मिलिमीटरचं भिंग असलेल्या कॅमेऱ्यात एफ २.८ वर साधारण अडीच मीटरला फोकस ठेवला, तर सव्वा मीटरच्या पुढचं सगळं क्षितिजापर्यंत पुरेसं स्पष्ट येतं. मग ३० मीटर उंचीवरून पाहताना डावीकडचं घर आणि उजवीकडचं घर यांत फोकसच्या दृष्टीने काहीच फरक उरत नाही. फोकस चुकलाच, तर फोटो बहुतेक सगळीकडेच मऊ येतो.

हादऱ्याचंही तसंच आहे. पंख्याचं पातं चिरलेलं असेल किंवा शटरचा वेग कमी असेल, तर रेषा दुहेरी दिसतात, पण त्या संपूर्ण फोटोत दिसतात. एकच बाजू सतत मऊ येत असेल, तर संशय भिंगावर जातो. कॅमेऱ्याच्या भिंगात काचेचे अनेक तुकडे एकामागे एक बसवलेले असतात. त्यातला एखादा केसभर जरी सरकला किंवा तिरका झाला, तरी स्पष्ट प्रतिमेचं प्रतल कलतं. मग एक बाजू सेन्सरवर नीट उतरते आणि दुसरी उतरत नाही. हा दोष कारखान्यातूनच आलेला असू शकतो किंवा ड्रोन आपटल्यावर निर्माण होतो.

मात्र चारही कोपरे थोडे मऊ आणि मधला भाग कडक असेल, तर घाबरण्याचं कारण नाही. रुंद भिंगाचा तो स्वभावच आहे. पाहायचं ते इतकंच, की चारही कोपरे सारखे आहेत का.

तपासणी कशी करावी?

आधी भिंग मायक्रोफायबरच्या कापडानं पुसावं आणि त्यावर लावलेला फिल्टर काढून ठेवावा. स्वस्तातल्या फिल्टरची काच सपाट नसेल, तर तीच एक बाजू बिघडवते. पावसाळ्यात किंवा गोव्याच्या दमट हवेत एसी गाडीतून काढलेला ड्रोन लगेच उडवू नये. गार काचेवर बाष्प धरतं. पंधरा-वीस मिनिटं उघड्यावर ठेवला की ते जातं.

चाचणीसाठी सगळीकडे सारखा बारीक तपशील असलेली सपाट जागा लागते. नांगरलेलं शेत, कापणीनंतर खुंटं उरलेलं रान किंवा खडीचा माळ उत्तम. हिरवं गवत टाळावं. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर ठिपके घालवताना गवताची पाती एकमेकांत मिसळून टाकतं आणि दोष नसताना दोष वाटतो.

१. ऊन चांगलं असताना ड्रोन ३० ते ४० मीटरवर स्थिर करावा आणि कॅमेरा सरळ खाली वळवावा. आयएसओ १००, शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान ठेवावं. फोकस करायची सोय असेल, तर मधोमध फोकस करून तो लॉक करावा आणि तीन-चार फोटो घ्यावेत.

२. मग त्याच जागी ड्रोन अर्धा फेरा फिरवावा, स्थिर होऊ द्यावा आणि पुन्हा तितकेच फोटो घ्यावेत. हीच खरी परीक्षा. फिरवल्यानंतरही धूसरपणा फोटोच्या डाव्याच बाजूला राहिला, तर दोष कॅमेऱ्यात आहे. तो जमिनीसोबत दुसऱ्या बाजूला गेला, तर कारण खालच्या दृश्यात आहे.

३. छिद्र बदलता येत असेल, तर एफ २.८ आणि एफ ५.६ अशा दोन्हींवर फोटो घ्यावेत. चारही कोपरे सारखेच सुधारले, तर भिंग ठीक आहे. तीन सुधारून एक तसाच राहिला, तर भिंगाची बसण बिघडली आहे.

फोटो मोबाईलवर नव्हे, तर संगणकावर शंभर टक्के मोठे करून पाहावेत. विकणाऱ्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या नमुन्यावर तर विश्वासच ठेवू नये. त्यात फोटो दाबून लहान होतो आणि दोष झाकला जातो. आपलं मेमरी कार्ड न्यावं आणि शक्य असल्यास रॉ फाईल घ्यावी.

उडवण्याआधी नकाशा पाहा

चाचणीसाठीही नियम सुटत नाहीत. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात साधारणपणे १२० मीटरपर्यंत उडवता येतं, पण पिवळ्या क्षेत्रात परवानगी लागते आणि लाल क्षेत्रात केंद्राच्या मंजुरीशिवाय उड्डाण नाही. बेळगावजवळ सांबऱ्याला विमानतळासोबत हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, तर गोव्यात दाबोळीला नौदलाचा तळ आहे. म्हणून गावाबाहेरचा माळ असला, तरी आधी सरकारी हवाई नकाशा पाहावा. जुना ड्रोन घेताना त्याचा यूआयएन क्रमांकही आपल्या नावावर करून घ्यावा.

दोष निघाला तर?

वॉरंटी असेल, तर दोन्ही दिशांचे फोटो जोडून लगेच तक्रार करावी. असा पुरावा असला की ‘नीट उडवता आलं नाही’ हे उत्तर टिकत नाही. भिंग उघडून घरी सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये. सहसा कॅमेरा आणि गिंबल एकत्रच बदलावं लागतं. सेकंडहँड असेल, तर तो खर्च किमतीतून वजा करून बोलावं, नाहीतर नमस्कार करून परत यावं.

संगणकावर शार्पनेस वाढवून कडा उठून दिसतात, पण हरवलेला तपशील परत येत नाही. दोष किरकोळ असेल, तर एफ ४ ते एफ ५.६ वर काम करावं आणि फ्रेम थोडी मोठी घेऊन मऊ बाजू कापून टाकावी. लहान सेन्सरवर एफ ११ पर्यंत छिद्र बारीक करू नये, कारण त्यानं उलट सगळाच फोटो मऊ होतो.

जमीन मोजणीचं काम असेल, तर जास्त सावध राहावं लागतं. वर सांगितलेल्या २० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात १०० मीटरवरून एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे सुमारे पावणेतीन सेंटिमीटर. धूसरपणा तीन पिक्सेलचा असेल, तर बांधाची कड आठ सेंटिमीटरनं संदिग्ध होते. लगतच्या फोटोंचं एकमेकांवर येणं वाढवलं, तर प्रत्येक जागा कुठल्या तरी फोटोच्या स्वच्छ भागात येते आणि मऊ कडा वगळता येतात. पण त्यासाठी कुठली बाजू मऊ आहे, हे मोजणीच्या आधीच माहीत असायला हवं. लग्नाचा फोटो बिघडला तर यजमान नाराज होतात. बांधाची कड चुकली, तर दोन शेजारी वर्षानुवर्षं तालुक्याच्या खेपा घालतात.