आधी उलटी बाजू बघ

आपल्या आज्यांच्या नथीतले बसरा मोती ज्या समुद्रातून यायचे, त्याच समुद्राच्या काठावर मी राहते. रास अल खैमा ही संयुक्त अरब अमिरातीतली अगदी उत्तरेकडची अमिरात. एका बाजूला आखात, दुसऱ्या बाजूला हजर पर्वताची बोडकी रांग. शहराच्या दक्षिणेला जझिरात अल हमरा हे मोती काढणाऱ्यांचं जुनं गाव आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस लोक तिथून उठून गेले आणि प्रवाळी दगडांची घरं तेवढी मागे राहिली. एके काळी उन्हाळा लागला की गावातले पुरुष चारेक महिने समुद्रावर जात. त्यांनी काढलेला मोती मुंबईच्या बाजारात विकला जाई आणि परतीच्या गलबतात तांदूळ, मसाले, लाकूड यांच्याबरोबर कापडाचे तागे येत. १९६६ पर्यंत या किनाऱ्यावर रुपयाच चालत असे. इथल्या आईने लेकीच्या लग्नाला निवडलेलं कापड मुंबईहून आलेलं असायचं आणि मुंबईतल्या आईने लेकीच्या नाकात घातलेल्या नथीचा मोती इकडचा. त्या दोघींची कधी गाठ पडली नाही, पण नेसण्या-सजण्याबद्दल त्यांनी लेकींना जे शिकवलं, ते शेजारी शेजारी मांडून बघण्यासारखं आहे.

इथल्या बायकांचा जुना पेहराव म्हणजे अंगात पायघोळ कंदुरा, त्यावर सणासमारंभाला झिरझिरीत, घेरदार थोब आणि खाली घोट्याशी घट्ट होत जाणारी सलवार. डोक्यावरून घ्यायची ती शेला. या सगळ्यात नजर जाते ती तल्लीवर. तल्ली म्हणजे सुती किंवा रेशमी धाग्यांत चांदीची वा सोन्याची चपटी तार गुंफून केलेली अरुंद पट्टी. ती कापडावर भरत नाहीत. वेगळी विणतात आणि मग शिवून लावतात. विणायला कजूजा नावाचं साधन लागतं. एकावर एक उलटे ठेवलेले दोन शंकू असतात तशी धातूची बैठक, तिच्यावर लोड, लोडावर टाचलेले धागे आणि धाग्यांच्या टोकांना रिळं.

माझ्या सहकारी अमिराती मैत्रिणीच्या आईला मी हे करताना पाहिलं. जमिनीवर बसून त्या इतक्या झरझर रिळं इकडची तिकडे टाकत होत्या की धागा कुठून कुठे गेला ते कळेना. जुन्या पिढीतल्या बऱ्याच लोकांसारखं त्यांना हिंदी येतं. नात शेजारी बसली होती. तिने एक रीळ जरा जोरात ओढलं, तशी त्यांनी तिची बोटं आपल्या मुठीत धरली आणि तशीच चारसहा वेढे फिरवली. “बोलून नाही येत,” मला म्हणाल्या. ताण सगळीकडे सारखा राहिला नाही तर पट्टी वाकडी होते आणि ती वाकडी पट्टी गळ्याला लावली की आख्खा कंदुरा ओढल्यासारखा दिसतो. शिकवणीचा हा पहिला भाग.

दुसरा मला त्याहून मोलाचा वाटतो. तल्ली कुठे लावायची? गळ्याभोवती, बाह्यांच्या टोकाला आणि सलवारीच्या घोट्याशी. हात पुढे केला, पाऊल उचललं की तिथे चमक दिसते. बाकीचं कापड आपलं शांत. आपल्या काठपदराच्या साडीतही हाच विचार आहे. जर काठाला आणि पदराला, मधलं अंग एकरंगी किंवा बारीक बुट्ट्यांचं. “अंगभर जर असेल तर माणूस दिसत नाही गं, साडीच दिसते,” असं माझी आई म्हणायची. सध्या लग्नांत मढवून काढलेले लेहंगे बघते, तेव्हा तिचं म्हणणं मनोमन पटतं.

खरेदीचा धडाही तिचाच. येवल्याला पैठणी घ्यायला गेलो, की दुकानदाराने पदर पसरताच ती तो उलटायची. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो, कारण नक्षीचे रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणलेले असतात. नक्कल असेल तर पाठीमागे सुट्या धाग्यांचं जाळं लोंबतं. आधी उलटी बाजू बघ, हे मी आता शिंप्याकडून आलेल्या ब्लाउजपासून मुलीच्या शाळेच्या गणवेशापर्यंत सगळीकडे वापरते. शिवण आतून नीट असेल, तर कपडा टिकतो.

सांभाळण्याच्या बाबतीत मात्र दोन्हीकडच्या आया वेगळं सांगतात आणि तिथे माझी पंचाईत होते. अमिराती घरात धुऊन, इस्त्री करून कपडा तयार होत नाही, त्याला धूप द्यावा लागतो. मबखरा म्हणजे निखारे ठेवायचं धुपाटणं. त्यावर ऊद किंवा घरी केलेलं ‘दुखून’ नावाचं सुगंधी मिश्रण टाकतात आणि कपडे त्या धुरावर धरतात. मुलगेही कंदुराच घालतात, पांढरा. त्याच्या गळ्याशी गोंडा असतो, त्या गोंड्याला अत्तर लावून मगच आई मुलाला बाहेर पाठवते. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला धुरी देतात, त्यामुळे मला हे परकं वाटत नाही. पण जरीजवळ धूर किंवा अत्तर न्यायचं नाही, ही आईची ताकीद. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे आणि दमट हवेत ते लवकर होतं. इथे ऑगस्टमध्ये बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते, म्हणजे जरीची परीक्षाच. म्हणून सुती कुर्त्यांना आणि ओढण्यांना मी खुशाल धूप देते, पण पैठणी धुतलेल्या मऊ मलमलीत गुंडाळलेली असते. डांबराच्या गोळ्या तिच्याजवळ नाहीत. दर तीनचार महिन्यांनी ती काढून घडी मोडायची आणि दुसरीकडून घालायची, नाहीतर घडीवरच रेशीम चिरतं.

सांभाळूनही सगळंच टिकत नाही. इथल्या जुन्या बायकांच्या तोंडावरचा बुरखा म्हणजे डोळ्यांपुरती फट असलेला, नाकावरून काडीने ताठ केलेला मुखवटा. त्याचं निळीत रंगवून घोटलेलं चकचकीत कापडही भारतातूनच यायचं. घामाने त्याचा रंग गालांना लागे. बुरखा सहसा लग्नानंतर चढायचा. आता तो म्हाताऱ्यांच्याच तोंडावर दिसतो.

तल्लीचंही तसंच होण्याची वेळ आली होती. यंत्रावरची स्वस्त पट्टी बाजारात मिळू लागल्यावर हाताने कोण विणणार? पण इथल्या लोकांनी ती जाऊ दिली नाही. महिला मंडळांतून वर्ग चालले, शारजात २०१५ साली ‘इर्थी’ ही हस्तकला परिषद उभी राहिली आणि बायकांना या कामाचे पैसे मिळू लागले. २०२२ मध्ये युनेस्कोने तल्लीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. ही कला मुख्यतः आईकडून मुलीकडे जाते, हे त्या नोंदीतही आहे.

हे वाचलं तेव्हा मला आपली नऊवारी आठवली आणि वाईट वाटलं. गाठ कुठे मारायची, निऱ्या किती घ्यायच्या, काष्टा मागे कसा खोचायचा, म्हणजे चालताना पाय अडत नाही आणि बसताना साडी सुटत नाही, हे सगळं आईच्या हाताखाली उभं राहूनच कळतं. आखातातल्या आमच्या गणेशोत्सवांत आणि दिवाळी पहाटेला नऊवाऱ्या भरपूर दिसतात, पण बहुतेक शिवलेल्या, पायात चढवायच्या. घाईच्या दिवशी त्यांची सोय मलाही कळते. तरी घरातली एक मुलगी दर वर्षी नेसायला शिकली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे आणि यंदा मी इथल्या नखील भागातल्या बाजारातून नऊ वार मऊ सुती कापड फाडून आणलं, ते मुलीच्या सरावासाठी. रेशमावर शिकायला गेलं तर निऱ्या निसटत राहतात. सुती कापड जागेवर राहतं, चुकलं तर पुन्हा घालता येतं.

मोत्यांचे नियमही तिला यंदाच्याच दिवाळीत सांगितले. मोती सगळ्यांत शेवटी घालायचे आणि सगळ्यांत आधी उतरवायचे. अत्तर, पावडर आधी, मोती नंतर, कारण मोती चुन्याच्याच जातीचा असतो. घाम आणि अत्तर त्याचं तेज खातात. उतरवल्यावर मऊ कापडाने पुसायचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडायचे नाहीत. सर सैल झाला की रेशमात पुन्हा गाठवून घ्यायचा आणि प्रत्येक मोत्यामागे गाठ मागायची, म्हणजे धागा तुटला तरी एकच मोती गळतो, बाकीचे जागच्या जागी राहतात.