वाचकाजवळ कोण उभं आहे?

ग्रंथालयाच्या आत : भाग सहावा

पंढरपूर तालुक्यातल्या करकंबच्या मुलाने पदवीनंतर पुढे शिकायचं ठरवलं की त्याचं विद्यापीठ कोणतं, याचं उत्तर गेल्या पाऊणशे वर्षांत तीनदा बदललं. १९४९ पर्यंत मुंबई, मग पुणे, १९६२ साली शिवाजी विद्यापीठ निघाल्यावर कोल्हापूर आणि १ ऑगस्ट २००४ पासून सोलापूर. कोल्हापूरच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात एखादा प्रबंध चाळायला जायचं तर मुक्कामाची तयारी ठेवावी लागे. सोलापूर विद्यापीठाचं केगाव त्यामानाने जवळ. करकंबहून पंढरपूर, तिथून मोहोळ, आणि पुणे रस्त्याने सोलापूर शहर लागायच्या आधीच विद्यापीठ. तरी जाण्यायेण्यात निम्मा दिवस मोडतो. तिथे पोचलेल्या वाचकाच्या हातात खरे चार-साडेचार तास असतात.

मागच्या भागात आपण ग्रंथखरेदी पाहिली. पुस्तकं कशी येतात हे समजलं. आज माणसांकडे वळू, कारण त्या चार तासांचं सोनं होणार की माती, हे इमारतीपेक्षा आणि संगणकांपेक्षा आत कोण, किती आणि कुठे बसलं आहे यावर ठरतं. विद्यापीठ ग्रंथालयाच्या कर्मचारी-व्यवस्थेचा विचार करकंबसारख्या गावातून निघालेल्या वाचकाच्या बाजूने व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं. तो सहसा तसा होत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठ ग्रंथालयांची मांडणी कामाच्या प्रकारावर आधारलेली असते. ग्रंथखरेदी, तांत्रिक, देवघेव, नियतकालिकं, संदर्भ असे विभाग. वर ग्रंथपाल, २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने ग्रंथालयाला ‘ज्ञानस्रोत केंद्र’ आणि त्याच्या प्रमुखाला संचालक हे नाव दिलं. त्याखाली उपग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल, मग ग्रंथालय सहायक, लिपिक आणि ग्रंथालय परिचर. कागदावर हे चित्र नेटकं दिसतं. प्रत्यक्षात ते कसं चालतं हे समजून घ्यायचं तर एका पुस्तकाच्या मागे मागे जावं.

ऊस शेतीवरचं एक नवं पुस्तक धरू. खोक्यातून बाहेर आल्यावर ते बिलाशी ताडून पाहिलं जातं, पानं उलटीसुलटी बांधली नाहीत ना हे बघितलं जातं. दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर आणि आत एका ठरलेल्या गुप्त पानावर शिक्का बसतो. मग तांत्रिक विभागात वर्गीकरण होतं. ड्युई दशांश पद्धतीत उसाचा क्रमांक ६३३.६१. त्यानंतर तालिकेत नोंद, बारकोड, पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी, आणि शेवटी परिचर ते नेऊन कपाटात ठेवतो. या वाटेवर एक जरी खुर्ची रिकामी असली तरी पुस्तक तिथे अडतं. ते ग्रंथालयात आलेलं असतं, बिल चुकतं झालेलं असतं, पण वाचकाच्या लेखी ते नसतंच.

या वाटेवरचा शेवटचा माणूस मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मराठी साहित्याचा ड्युई क्रमांक ८९१.४६, हिंदीचा ८९१.४३. एका आकड्याचा फरक. परिचराची नजर चुकली आणि मराठी कादंबरी हिंदीच्या फळीवर गेली, तर संगणक ‘पुस्तक उपलब्ध’ म्हणत राहतो आणि वाचक फळीसमोर उभा राहून रिकाम्या हाताने परततो. दीड-दोन लाख पुस्तकांच्या ग्रंथालयात चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. म्हणून जाणते ग्रंथपाल रोज सकाळी, दारं उघडण्यापूर्वी, प्रत्येक परिचराला ठरावीक कपाटं वाटून देतात. क्रमांक वाचत जायचं, चुकलेलं पुस्तक काढून जागेवर लावायचं. हे काम कुठल्याही अहवालात चमकत नाही. पण ज्या परिचराला दशांश क्रमांकामागचं तर्कशास्त्र कुणी बसून समजावून सांगितलेलं असतं, त्याच्या हाताखालची कपाटं लगेच ओळखू येतात. परिचरांच्या प्रशिक्षणावर विद्यापीठं जवळपास काहीच खर्च करत नाहीत, आणि ही मोठी चूक आहे.

आता प्रश्न येतो : माणसं किती हवीत? डॉ. शि. रा. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे हा प्रश्न त्यांनी अंदाजावर सोडला नाही. त्यांनी सूत्रच मांडलं. एका माणसाच्या कामाचे वर्षाला साधारण १,५०० तास धरायचे आणि प्रत्येक विभागाचं काम मोजायचं. देवघेवीचा एक काउंटर जितके तास उघडा राहतो त्याला १,५०० ने भागलं की तिथली माणसं. वर्षाला ६,००० नव्या पुस्तकांमागे खरेदीत एक, २,००० मागे तांत्रिक विभागात एक, ३,००० मागे कपाटांच्या देखभालीला एक. ५०० नियतकालिकांमागे एक. आणि रोजच्या दर ५० वाचकांमागे संदर्भसेवेत एक, तेही वर्षाला २५० दिवस धरून. दिवस वाढले की माणसं वाढणार.

एक काल्पनिक पण बेताचं विद्यापीठ ग्रंथालय घेऊन हिशेब करू. रोज १२ तास, वर्षाला ३०० दिवस उघडं. म्हणजे ३,६०० तास. एका काउंटरला २.४ माणसं, ग्रंथपालाच्या टेबलाला, म्हणजे कोणीतरी जबाबदार व्यक्ती सदैव हजर राहण्यासाठी, आणखी २.४. वर्षाला ३,००० पुस्तकं येत असतील तर खरेदीत अर्धा, तांत्रिक विभागात दीड, देखभालीला एक. २०० नियतकालिकांना ०.४. रोज २५० वाचक येत असतील तर संदर्भसेवेत सहा. बेरीज १४.२. ही फक्त प्रशिक्षित माणसं झाली. लिपिक, परिचर, शिपाई यांचं गणित वेगळं. त्यात अर्थसंकल्पाच्या रुपयांवर आधारलेला एक भाग आहे, तो त्या काळच्या रुपयांचा असल्यामुळे आज जसाच्या तसा वापरता येत नाही.

या चौदांतले सहा, म्हणजे जवळपास निम्मे, रंगनाथन यांनी वाचकाच्या शेजारी उभे केले. माझ्या मते या सूत्राचा जीव इथे आहे. संदर्भ ग्रंथपाल म्हणजे ‘काय शोधताय?’ असं विचारणारा आणि उत्तर ऐकून घेणारा माणूस. मोहोळ-पंढरपूरच्या पाणीवाटपावर प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला जुनी गॅझेटियर, सिंचन आयोगाचे अहवाल, आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध असे तीन धागे दहा मिनिटांत हाती देणारा. वाचकाचा वेळ वाचवणं हे रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांपैकी चौथं सूत्र, आणि त्यासाठी त्यांनी माणसं मोजून मागितली. आपल्याकडे माणसं कमी पडली की पहिली कात्री नेमकी इथेच लागते. काउंटर बंद ठेवला तर आरडाओरडा होतो, तांत्रिक विभाग थांबला तर लेखापरीक्षणात दिसतं. संदर्भ विभागातली खुर्ची रिकामी राहिली तर कुणीच तक्रार करत नाही, कारण तिथे माणूस असायला हवा होता हेच वाचकाला ठाऊक नसतं.

रिक्त पदांचा प्रश्न महाराष्ट्रातल्या सगळ्याच अकृषी विद्यापीठांत जुना आहे. आकृतिबंध मंजूर व्हायचा तर शासनाची मान्यता, भरतीसाठी आरक्षणाच्या बिंदुनामावलीची तपासणी, वित्त विभागाची परवानगी. एक माणूस निवृत्त झाला की त्याचं टेबल शेजारच्याकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून जातं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. याचा दोष ग्रंथपालाला देता येणार नाही. पण उरलेल्या माणसांची मांडणी त्याच्या हातात असते.

इथे एक अडचण बाहेरच्यांना दिसत नाही. ग्रंथालयात एकाच छपराखाली दोन वेगळ्या शिड्या आहेत. सहायक ग्रंथपाल, उपग्रंथपाल, ग्रंथपाल ही पदं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेणीतली. २०१८ च्या नियमांनुसार सहायक ग्रंथपालाला ग्रंथालयशास्त्रात ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट लागते. काही अटींवर पीएच.डी. धारकाला नेट-सेटमधून सूट आहे. ग्रंथालय सहायक आणि त्याखालची पदं मात्र राज्याच्या शिक्षकेतर श्रेणीत. पंधरा-वीस वर्षं वर्गीकरण केलेला, कुठलं पुस्तक कोणत्या फळीवर आहे हे तोंडपाठ असलेला सहायक नेट नाही म्हणून वरच्या शिडीवर चढू शकत नाही, आणि बाहेरून आलेला तरुण पहिल्याच दिवशी त्याचा अधिकारी होतो. पात्रतेचा नियम चुकीचा आहे असं नाही. पण या सांध्यावर मनं दुखावतात आणि कामं अडतात. शहाणा ग्रंथपाल अशा अनुभवी माणसाला टेबलाच्या नावाने न ओळखता त्याच्या जाणकारीने ओळखतो. मराठी संदर्भाचं काम त्याच्याकडे सोपवतो, नव्या माणसाला महिनाभर त्याच्या शेजारी बसवतो. पद देता येत नसलं तरी अधिकार देता येतो.

ज्या व्यवस्थेत माणसाला शिक्षेची भीती असते तिथे सेवा आटते, हे ग्रंथालयाइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचित दिसेल. हरवलेल्या पुस्तकाची किंमत आपल्या पगारातून कापली जाईल, अशी धास्ती अनेक कर्मचारी मनात बाळगून असतात. मग कपाटाला कुलूप लागतं, पुस्तक मागितलं की चिठ्ठी भरा म्हणतात, महाग पुस्तकं दाखवायलाच नको वाटतात. रंगनाथन यांनी मद्रासला कपाटं वाचकांसाठी खुली केली. खुल्या व्यवस्थेत काही पुस्तकं जाणारच, हे सरकारी नियमांनाही मान्य आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं हे वाजवी मानलं आहे. अट एवढीच की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी. एक हजार रुपयांवरच्या आणि दुर्मिळ पुस्तकांची मात्र चौकशी व्हावी. पन्नास हजारांवर ग्रंथ असतील तर सगळे न मोजता नमुना पडताळणी चालते, हेही तिथेच सांगितलं आहे. राज्यातल्या प्रत्येक ग्रंथालय प्रमुखाने असं धोरण विद्यापीठाकडून लेखी करून घ्यावं आणि ते परिचरापर्यंत वाचून दाखवावं. कुलपं निघायला त्याने मदत होईल.

‘कमवा आणि शिका’ योजनेतली मुलं हा आपल्या भागाचा खास आधार. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या परंपरेतून आलेली ही कल्पना ग्रंथालयांना फार उपयोगी पडते. पुस्तकं जागेवर लावणं, बारकोड चिकटवणं, संध्याकाळी वाचनकक्षावर लक्ष ठेवणं ही कामं विद्यार्थी चांगली करतात, आणि गावाकडच्या मुलाला शिक्षणाचा खर्च भागवायला हात मिळतो. मात्र रिक्त पदाला पर्याय म्हणून त्यांना वापरलं की दोन्ही बाजूंचं नुकसान होतं. परीक्षेच्या महिन्यात, जेव्हा ग्रंथालयात सर्वांत जास्त गर्दी असते, तेव्हा तीही अभ्यासालाच बसलेली असणार.

आता करकंबच्या वाचकाकडे परत येऊ. त्याच्यासाठी तीन गोष्टी माणसांच्या फेरमांडणीतून, नवं पद न मागता, होऊ शकतात. पहिली, पाळ्या. सगळे कर्मचारी सकाळी साडेदहाला येऊन सहाला जाणार असतील तर दुपारी दीड ते अडीच काउंटर ओस पडतो. पहिल्या गाडीने निघालेला बाहेरगावचा वाचक बरेचदा नेमका त्याच सुमारास टेबलापुढे येतो. जेवणाच्या सुट्ट्या आलटून पालटून घेतल्या तर हा तास वाचतो. दुसरी, परतीच्या तारखा. आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत पंढरपूरचे रस्ते वळवलेले असतात, एस.टी.च्या गाड्या वारीत गुंतलेल्या असतात. त्या आठवड्यात येणाऱ्या परतीच्या तारखा सरसकट पुढे ढकलण्याचा अधिकार देवघेव विभागप्रमुखाला दिला तर विलंब शुल्कावरून होणारे वाद होणारच नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये सुट्ट्यांची यादी भरायची सोय असतेच. पंढरपूर तालुक्याचं कॅलेंडर माहीत असलेल्या माणसाने ती भरायला हवी.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना सुरू झाली. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षण संस्थांना केंद्राच्या खर्चाने खुली झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. दूरस्थ प्रवेशाची सोय नीट लावून दिली तर ज्या लेखासाठी केगावला जावं लागलं असतं तो करकंबमध्ये घरी बसून फोनवर वाचता येईल. पण खातं कसं उघडायचं, इंग्रजी शोधशब्द कसे निवडायचे, लेख उतरवून घेतल्यावर नोंद कशी ठेवायची, हे मराठीतून समजावणारा माणूस लागतो. नियतकालिक विभागात पूर्वी अंक नोंदवणं, स्मरणपत्रं पाठवणं, बांधणीला देणं ही कामं होती. छापील अंक कमी झाले तशी ती कामं घटली. त्या टेबलावरच्या माणसाला प्रशिक्षण देऊन दूरच्या वाचकांसाठी बसवावं, त्याचा दूरध्वनी क्रमांक तालुक्यातल्या प्रत्येक महाविद्यालयात लावावा, आणि आठवड्यातून एक दुपार त्याने पंढरपूरच्या एखाद्या महाविद्यालयात जाऊन बसावं.

यात नवीन काही नाही. महाराज सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डेन यांना बडोद्याला आणलं. त्यांनी कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण वर्ग काढला, आणि बडोद्याच्या ग्रंथालय खात्याने लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव पाठवली. पेटी उघडणारा, पुस्तकं वाटणारा आणि परत गोळा करणारा माणूस प्रत्येक ठिकाणी ठरलेला असे.

पुढच्या आठवड्यात महाविद्यालयीन ग्रंथालयाकडे जाऊ. तिथे खरेदीपासून संदर्भसेवेपर्यंतचे हे सगळे विभाग पुष्कळदा एकाच ग्रंथपालाला सांभाळावे लागतात. त्याने दिवसाची आखणी कशी करावी, ते पाहू.