जुनी गाडी घेताना : न उघडता आत कसे पाहावे?

मारुती ८०० या छोट्या गाडीचे उत्पादन १९८३ च्या अखेरीस सुरू झाले आणि २०१४ च्या सुरुवातीला थांबले. तरीही ती आणि तिच्यानंतर आलेल्या आल्टो, सँट्रो, वॅगन-आर अशा गाड्यांची जुन्या बाजारात आजही देवाणघेवाण चालू असते. शाळा एका गावी आणि घर दुसऱ्या गावी असलेल्या शिक्षकाला बेताच्या किमतीत मिळणारी अशी गाडी मोठी सोयीची वाटते. पण इंजिनचे मोठे काम निघाले, तर त्याचा खर्च गाडीच्या किमतीइतकाही होऊ शकतो. ब्रेकमध्ये दोष असेल, तर त्याची किंमत पैशांत सांगताच येणार नाही.

अडचण अशी, की विकत घेण्यापूर्वी कोणी आपल्याला इंजिन खोलून दाखवत नाही. बाहेरून दिसणाऱ्या खुणांवरून आतले ताडावे लागते. त्यासाठी आठवी ते बारावीच्या पुस्तकांतले विज्ञान बरेच पुरते. फक्त प्रत्येक खूण पाहिल्यावर एक प्रश्न विचारायचा : असे होण्याचे दुसरे काही कारण असू शकेल का?

इंजिन थंड असतानाच पाहा

गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन आधी सुरू करून ठेवू नका, असे मालकाला सांगावे. पोचल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले, तर आपल्याआधी कोणीतरी इंजिन चालवले आहे.

याला एवढे महत्त्व का? तापल्यावर धातू प्रसरण पावतात. झिजलेल्या भागांमधली फट थंडपणी जास्त असते, म्हणून खडखड थंडपणीच स्पष्ट ऐकू येते. पेट्रोलची वाफही थंड इंजिनमध्ये नीट होत नाही. त्यामुळे अशक्त बॅटरी, खराब स्पार्क प्लग, कमी झालेला दाब हे सारे दोष पहिल्या स्टार्टलाच उघड होतात. दहा मिनिटे चालून गरम झालेले इंजिन यांतले बरेचसे लपवते.

धुराचे तीन रंग

पेट्रोल म्हणजे हायड्रोजन आणि कार्बन यांची संयुगे. ते जळताना कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते. हिशोब केला तर एक लिटर पेट्रोलमागे सुमारे एक लिटर पाणी बाहेर पडते! म्हणून थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघाली किंवा दोन थेंब पाणी गळले, तर घाबरू नये. इंजिन तापले की हे थांबते. तापल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर मात्र इंजिन थंड ठेवणारे कूलंट सिलिंडरमध्ये शिरते आहे, असा संशय घ्यावा.

निळसर धूर म्हणजे जळणारे वंगण तेल. पण ते कुठून आले? रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतून स्टार्टच्या वेळी निळा झोत आला आणि लगेच थांबला, तर व्हॉल्व्हची सीले कडक झाली असण्याचा संभव अधिक, कारण रात्रभरात तेल थेंबाथेंबाने खाली उतरते. वेग वाढवताना निळा धूर सतत येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजलेले असावेत. पहिले काम तुलनेने लहान, दुसरे मोठे.

काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन. हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाते आहे. याचे कारण तुंबलेल्या एअर फिल्टरइतके साधेही असू शकते.

तेल आणि पाणी

इंजिन बंद असताना ऑइलची पट्टी बाहेर काढून पुसावी, पुन्हा बुडवून काढावी आणि पाहावी. काळे तेल हा दोष नव्हे, वापरात ते काळे होतेच. तेल दुधाळ कॉफीसारखे दिसले, तर ते तेल आणि पाणी यांचे पायस आहे. हेड गॅस्केट फुटून कूलंट तेलात मिसळले असण्याची दाट शक्यता असते. ऑइलच्या झाकणाखाली नुसता पातळ फेस दिसला, तर तो थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्यांमुळे साचलेल्या बाष्पाचाही असू शकतो. म्हणून झाकण आणि पट्टी दोन्ही पाहावे.

रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे. झाकणामुळे आतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा जवळजवळ एक बारने जास्त राहतो. त्यामुळे पाणी १०० अंशांऐवजी १२० अंश सेल्सियसच्या आसपास उकळते. गरम असताना झाकण काढले, तर दाब एकदम उतरून पाणी उसळते आणि गंभीर भाजते. प्रेशर कुकरचेच हे तत्त्व. थंडपणी आत पाहिल्यावर पाणी गंजाने तांबूस किंवा तेलकट दिसले, तर त्याची नोंद करावी.

२०२५ पासून आपल्याकडे मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सर्वसाधारणपणे २० टक्के इथेनॉल असते. जुन्या गाड्यांतल्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला, किंवा नळ्यांना चिरा दिसल्या, तर त्या बदलाव्याच लागतील.

गंज आणि चुंबक

छोट्या गाड्यांना वेगळी सांगाडा-चौकट नसते. पत्र्याची बॉडी हीच चौकट असते. त्यामुळे गंज हा नुसता दिसण्याचा प्रश्न नसून बळकटीचा प्रश्न आहे. लोखंडापासून गंज होताना आकारमान कित्येक पटींनी वाढते, म्हणून रंगाखाली फोड येतात. दिसणारा फोड लहान असला, तरी आतला गंज मोठा असू शकतो. मिठामुळे पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि ही क्रिया वेग घेते. म्हणून कोकणपट्टीतली किंवा मुंबईतली गाडी अधिक बारकाईने पाहावी. दारांच्या खालच्या कडा, पायपोसाखालचा पत्रा, डिकीत स्टेपनी ठेवण्याचा खळगा आणि बॉनेटखाली शॉकअब्सॉर्बर जिथे बसवलेले असतात ती जागा या चार ठिकाणी नजर टाकावी.

अपघातात चेपलेल्या पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी भरून वर रंग दिलेला असतो. लांबी चुंबकाला आकर्षित करत नाही. फडक्यात गुंडाळलेले लहान चुंबक पत्र्यावर ठिकठिकाणी लावून पाहावे. एखाद्या जागी पकड एकदम ढिली झाली, तर तिथे थर जाड आहे. बंपर बहुधा प्लॅस्टिकचा असतो, तिथे चुंबक चिकटणार नाहीच.

पुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून चकचकीत करता येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस पडला, तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूणलाही तेच घडले. अशी गाडी ओळखायला सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा. एरवी आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेषा राहिलेली असते. सीटखालच्या स्क्रूंवरचा गंज आणि कुबट वास यांचीही साक्ष घ्यावी.

चाके, उसळी आणि ब्रेक

टायरच्या दोन्ही कडा झिजल्या असतील, तर हवा कमी ठेवली गेली आहे. मधला भाग झिजला असेल, तर जास्त. एकच कड झिजली असेल, तर अलाइनमेंट बिघडलेली किंवा पुढचे भाग वाकलेले असू शकतात. टायरच्या बाजूवर कोरलेले शेवटचे चार अंक त्याचे वय सांगतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. खाचा शाबूत असल्या, तरी रबर वर्षानुवर्षांनी कडक होते.

गाडीचा एक कोपरा जोराने खाली दाबून सोडावा. वर येऊन ती लगेच स्थिर झाली तर ठीक. दोन-तीनदा हेलकावत राहिली, तर शॉकअब्सॉर्बर थकले आहेत. अवमंदित दोलनाचे हे बोलके उदाहरण आहे.

ब्रेकचा पेडल मिनिटभर दाबून धरावा. तो हळूहळू खाली जात असेल, तर तेल कुठेतरी निसटते आहे. पेडल स्पंजासारखा लागला, तर नळीत हवा आहे. द्रव जवळजवळ दबत नाही, वायू दबतो, म्हणून पास्कलच्या नियमाने जो जोर चाकांपर्यंत पोचायचा तो हवा दाबण्यातच खर्च होतो.

ब्रेकचे तेल हवेतले बाष्पही शोषून घेते. नेहमीच्या डॉट-३ प्रकारच्या कोरड्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी शिरल्यावरची किमान मर्यादा १४० अंशांवर येते. आता घाटाचा विचार करा. माणसांसह ९०० किलो वस्तुमानाची गाडी ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे ४४ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. तेवढ्या उष्णतेत सुमारे १४ लिटर पाणी २७ अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून नुसत्या ब्रेकवर उतरवली, तर यातला मोठा भाग ब्रेकमध्ये जातो, जुने तेल उकळते, त्याची वाफ होते आणि पेडल जमिनीला टेकतो. म्हणून गाडी घेतल्यावर पहिला खर्च ब्रेक-तेल बदलण्याचा करावा आणि घाट नेहमी खालच्या गिअरमध्ये उतरावा.

कागद

आर.सी. बुकातला चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या अंकांशी स्वतः ताडून पाहावेत. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन एका वेळी ५ वर्षांचे नूतनीकरण मिळते. मुदत संपत आली असेल, तर तो खर्च किमतीत धरावा. कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विमा, पी.यू.सी. आणि दंडाच्या थकलेल्या पावत्याही पाहाव्यात.

निर्णय कसा घ्यावा?

एका कागदावर तीन रकाने आखावेत : काय दिसले, त्याची शक्य कारणे कोणती, आणि त्यांतले खरे कोणते हे कोणत्या चाचणीने ठरेल. एकच खूण फसवू शकते. स्वतंत्र खुणा एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या, की निष्कर्ष बळकट होतो. किलोमीटरचा काटा कमी आकडा दाखवतो, पण पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे आणि स्टिअरिंग झिजून चकाकते आहे, तर काट्यावर विश्वास ठेवू नये. शेवटी ओळखीच्या मेकॅनिकला गाडी दाखवावी आणि हा कागद त्याच्या हाती द्यावा.

टायर, बॅटरी, शॉकअब्सॉर्बर यांचे दोष पैसे कमी करून घेण्याचे आहेत. चौकटीला लागलेला गंज, दुधाळ तेल आणि न जुळणारे नंबर हे गाडी सोडून देण्याचे आहेत.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. लोखंडी कपाटाला चुंबक लावा आणि मध्ये एकेक कागद वाढवत न्या. कितव्या कागदाला चुंबक पडते? कागदांची एकूण जाडी मोजा. आता त्याच चुंबकाने लांबीचा थर किती जाड आहे याचा अंदाज करता येईल का, हे विद्यार्थ्यांना विचारा. मग त्याला दुसरे कारण असू शकेल का, हेही विचारायला विसरू नका.

आणि एक लक्षात ठेवावे. थंड इंजिन पाहू न देणारा, किंवा मेकॅनिकला गाडी दाखवायला नकार देणारा विक्रेता भेटला, तर तीही पहिल्या रकान्यात लिहिण्याजोगी नोंद आहे.