राख आणि पाइनची दुसरी पिढी

राब भाजल्याशिवाय तरवा जोमाने येत नाही, हे ऐकतच मी कोकणात वाढलो. खाचराच्या कोपऱ्यात कवळ, शेण, पालापाचोळा पसरायचा आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचा. पावसात भाताची रोपे हिरवीगार. पुढे मृदाशास्त्र शिकताना दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या माउंट गॅम्बियर परिसराची हकिगत वाचली, तेव्हा सुरुवातीला मी तिथल्या जाळणाऱ्यांच्याच बाजूचा होतो.

तिथल्या वाळूमिश्रित जमिनीत कॅलिफोर्नियाचा रेडिएटा पाइन लावला गेला आणि चांगला पोसला. तोड झाल्यावर उरलेल्या फांद्या-शेंडे बुलडोझरने ढीग करून जाळत. जमीन स्वच्छ, लागवड सोपी. पण १९६६ साली ए. कीव्ह्ज यांनी जुन्या नोंदी ताडून दाखवले, की दुसऱ्या पिढीची वाढ पहिलीपेक्षा बरीच कमी आहे. लाकडासाठी याच वनांवर भिस्त असलेल्या राज्यात खळबळ उडाली. पाइन जमीन नासवतो की काय, अशीही शंका निघाली.

जमीन नासवली होती ती तयारीने. वाळूत चिकणमाती कमी, म्हणून नत्राची शिल्लक सेंद्रिय पदार्थातच. ओंडक्यात पोषकद्रव्ये थोडी, सुयांमध्ये भरपूर. आणि जाळत होते त्या सुयाच. आगीत नत्र वायू होऊन उडते, स्फुरद-पालाश राखेत राहतात. त्यामुळे रोपे सुरुवातीला तरारतात आणि डोळा फसतो. शिवाय बुलडोझर वरची माती खरवडून ढिगात नेतो. मग ढिगांच्या रांगेलगतची झाडे काळीभोर हिरवी, मधली फिकट.

दुसरे कारण तण. तिथे पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. हिवाळ्यात मुरलेली ओल गवत आधी पिऊन टाकते. उघड्या जमिनीतून उरलेली उन्हाने जाते. कोवळा पाइन तहानलेलाच.

पुढे जाळणे थांबले. फांद्या जड रूळ फिरवून चिरडायच्या आणि तिथेच पसरू द्यायच्या, पहिली एक-दोन वर्षे तण काटेकोरपणे मारायचे, गरजेनुसार खत द्यायचे, असा क्रम बसला. दुसरी पिढी पहिलीच्या बरोबरीने, काही ठिकाणी तिच्याहूनही सरस वाढू लागली. हा नियम सरसकट मात्र नव्हे. स्वीडन-फिनलंडच्या थंड जमिनीवर पाचोळ्याचा जाड थर बाजूला सारून माती उघडी केली, तर ती उबदार होते आणि रोपे तगतात.

माझी चूक कुठे झाली? राबात रोप तीन-चार आठवडे राहते. पाइनला त्याच राखेवर तीस-एक वर्षे काढायची असतात. आणि राबाचे खत त्या वाफ्यातले नसतेच, बाहेरून आणलेले असते. आम्ही ते वरच्या टेकडीवरच्या ऐनांचे टहाळ तोडून आणायचो. त्या ऐनांखाली पाचोळा साठलेला मी कधी पाहिला नाही.