पुण्यात शिकायचंय? ऐकीव काय, खरं काय

पुण्याला शिकायला निघालेल्या पोराला सल्ला देणाऱ्यांची कमी नसते. मामा, शेजारी, दोन वर्षं आधी गेलेला गल्लीतला दादा. ‘शहर पोरं बिघडवतं’ हा त्यातला सगळ्यात जुना सल्ला. त्यावर इथे शब्द खर्चत नाही. बिघडायला तालुक्याचं गावही पुरतं. खिशाला चाट लावणारे गैरसमज वेगळेच आहेत आणि ते बहुतेक कागदपत्रांभोवती फिरतात.

पहिला किरकोळ. ‘पुणे विद्यापीठात ॲडमिशन मिळाली’ असं घरचे सांगतात, तेव्हा पोरगं बहुधा संलग्न कॉलेजात असतं. १९४९ साली स्थापन झालेल्या आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचं नाव लावणाऱ्या या विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या आवारात मुख्यतः पदव्युत्तर विभाग आहेत. शिवाय नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतली कॉलेजंही याच विद्यापीठाशी जोडलेली आहेत. केवळ ‘पुण्याची डिग्री’ हवी म्हणून कोथरूडला खोली शोधणाऱ्याने आधी संगमनेरच्या कॉलेजची चौकशी करावी.

वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही की सरकारी मदत संपली, असं धरून चालणारी घरं पुष्कळ. प्रत्यक्षात काही योजना नेमक्या अशाच मुलांसाठी आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईत तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये ठरली: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आहे, इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्तांसाठी आधार. पैसे उशिरा येतात ही तक्रार खोटी नाही; पहिले काही महिने घरूनच काढायची तयारी ठेवावी. पण अर्जच केला नाही तर उशिरासुद्धा काही येत नाही.

आता खोली. सदाशिव पेठेत चौघं मिळून दोन खोल्या घेतात, डिपॉझिट देतात आणि मालक म्हणतात, ‘अकरा महिन्यांचंच आहे, रजिस्टर कशाला? स्टॅम्पपेपरवर नोटरी करून टाकू.’ पोरांना ते पटतं, कारण घरीही हेच ऐकलेलं असतं. या समजुतीचं मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे: एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून सगळ्यांनी अकरा महिन्यांची पळवाट धरली. महाराष्ट्रात ती पळवाट चालत नाही. भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गंमत पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. म्हणजे करार न नोंदवण्यात धोका मालकालाच जास्त. हे त्यांना नम्रपणे सांगून बघा, सूर बदलतो. कॉट बेसिसवर राहणाऱ्यांना मात्र पुष्कळदा साधी पावतीही मिळत नाही. तिथे डिपॉझिट रोख देऊ नका, यूपीआयने द्या. निदान तारीख आणि रक्कम तरी कुठेतरी उमटते.

‘ओरिजिनल कॉलेजात अडकलेत, आता हलता येणार नाही’ हे वाक्य दर वर्षी ऑगस्टमध्ये ऐकू येतं. दुसरीकडे मनासारखा प्रवेश मिळालेला असतो आणि पोरगं दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांसाठी ऑफिसच्या खिडकीशी खेटे घालत असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या अधिसूचनेत हे साफ लिहिलं आहे: मूळ कागद पडताळून लगेच परत द्यायचे, अडकवून ठेवायचे नाहीत. फीचंही कोष्टक त्यातच आहे. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, फक्त किरकोळ प्रक्रिया शुल्क वजा. नंतर ९० टक्के, ८०, ५०, आणि तारखेनंतर ३० दिवस उलटले की शून्य. पुढच्या काही वर्षांत आयोगाने याहून सैल तारखाही दिल्या, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक बघायचं. इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या सीईटीच्या प्रवेशांची नियमावली निराळी. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. खिडकीवरचं तोंडी ‘बघू’ कुठल्याच नियमात बसत नाही.

इंग्रजीची धास्ती पूर्ण खोटी नाही. कला आणि वाणिज्य शाखेत पेपर मराठीत लिहिता येतो. २०२३ मध्ये आयोगाने विद्यापीठांना असंही सुचवलं की अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी उत्तरं स्थानिक भाषेत लिहू द्यावीत. खरी अडचण पेपरात नाही, पुस्तकांत आहे. संदर्भग्रंथ इंग्रजीत, आणि सायन्सला तर पाठ्यपुस्तकंही. पहिलं सेमिस्टर जड जातं, हे घरच्यांनी धरूनच चालावं.

राहता राहिलं मतदान. ‘भाड्याने राहणाऱ्याचं नाव इथल्या यादीत लागत नाही’ हे चूक. वसतिगृहात किंवा खोलीवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला इथे किंवा घरच्या पत्त्यावर, कुठल्याही एकाच ठिकाणी नाव ठेवता येतं. पण ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्याच यादीवरून बनते. गावच्या निवडणुकीत मत द्यायचं असेल, तर गावचं नाव हलवू नका.