चव्वेचाळीसच्या पुढे आठ

राउटर अडला की बंद करून पुन्हा चालू करायचा, हा तोडगा आज घरोघरी चालतो. पण जुन्या जाळ्यांमधल्या मोठ्या बिघाडांत अडलेलं यंत्र एकीकडे आणि दोष भलतीकडेच, असं वारंवार घडलं. तो हुडकण्याची विद्या अमेरिकेतल्या अर्पानेट या संगणक-जाळ्यावर घडली.

अर्पानेटचे राउटर म्हणजे ‘इम्प’. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या बीबीएन कंपनीने ते हनीवेल 516 संगणकांवर उभारले. पहिला इम्प 1969च्या ऑगस्टअखेरीस लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात पोचला. इम्प देशभर विखुरलेले, देखरेख मात्र केंब्रिजहून. म्हणून लाइन मोडेमपाशी उलटी जोडून पाहायची सोय होती. आपलाच संदेश परत आला, तर इथवर सगळं ठीक, दोष पुढे. ही लूपबॅक चाचणी मला साऱ्या नेटवर्क-दुरुस्तीचा पाया वाटते. तिच्या बळावर बीबीएनची माणसं कॅलिफोर्नियातल्या लाइनचा बिघाड टेलिफोन कंपनीला केंब्रिजहून कळवत.

पण लाइन शाबूत असून राउटरच चुकीचं सांगू लागला तर? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्डच्या इम्पची मेमरी बिघडली. सगळी ठिकाणं आपल्यापासून शून्य अंतरावर आहेत, असं तो शेजाऱ्यांना सांगू लागला. सगळ्यांत जवळचा रस्ता म्हणून जाळ्यातली वाहतूक तिकडे वळली आणि तिथेच गडप झाली.

27 ऑक्टोबर 1980चा बिघाड याहून खोल होता. प्रत्येक इम्प आपल्या लाइनींच्या स्थितीची सूचना सगळीकडे पाठवत असे. नवी कोणती, जुनी कोणती हे कळावं म्हणून तिच्यावर 0 ते 63 मधला क्रमांक असे. 63 नंतर पुन्हा 0, त्यामुळे ‘नवा’ क्रमांक वर्तुळावर मोजून ठरे. त्या दिवशी 50व्या इम्पच्या नावाने 8, 40 आणि 44 अशा तीन सूचना एकाच वेळी फिरू लागल्या. द्विमान पद्धतीत 44 म्हणजे 101100. एक बिट गळला की 101000, म्हणजे 40. आणखी एक गळला की 001000, म्हणजे 8. मेमरीतले बिट गळत होते. लाइनवरच्या प्रवासात संदेश तपासला जाई, मेमरीत पडून असताना नाही. नियमाप्रमाणे 8पेक्षा 40 नवा, 40पेक्षा 44 नवा आणि 44पेक्षा पुन्हा 8 नवा! निरोगी इम्पही या तीन सूचना इमानेइतबारे पुढे ढकलत राहिले. बाकी कामाला फुरसतच उरली नाही. एखादा इम्प बंद करून चालू केला, तरी शेजारी त्याच सूचना परत देणार. अखेर 50व्या इम्पच्या सूचना टाकून द्यायची तात्पुरती दुरुस्ती एकेका इम्पमध्ये घालावी लागली. जाळं काही तास ठप्प होतं. बीबीएनच्या एरिक रोझेन यांनी लिहिलेला या घटनेचा अहवाल नेटवर्कवाल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. पुढे रेडिया पर्लमन यांनी अशा सूचना आपोआप सावरतील अशी रीत मांडली, आणि आजचे राउटर वापरतात त्या ओएसपीएफ या रस्ते ठरवण्याच्या पद्धतीत तर क्रमांक वर्तुळात फिरतच नाहीत.

1986 मध्ये पेच वेगळाच निघाला. बर्कलीतली प्रयोगशाळा आणि शेजारचं विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम 400 यार्डांचं, पण वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर घसरला. पोच मिळायला उशीर झाला की संगणक तेच पॅकेट पुन्हा पाठवत आणि गर्दी आणखी वाढे. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरेल्स यांनी उपाय केला तो पाठवणाऱ्या संगणकांच्या टीसीपीत, म्हणजे पॅकेटं पाठवण्याच्या नियमावलीत: सुरुवात थोड्या पॅकेटांनी करायची, पोच येईल तसं वाढवायचं, पॅकेट हरवलं की लगेच हात आखडायचा.