मामांचा स्टुडिओ आणि दुसरी हार्ड डिस्क

दिवाळीत राहुरीला गेलो होतो. मामांचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. पाच वर्षांची लग्नं, बारसी, सगळं एकाच ४ टीबीच्या डिस्कवर. बॅकअप शून्य! आणि ती डिस्क कटकट आवाज करायला लागलेली. "तू इंजिनीअर ना, बसव की दुसरी," मामा म्हणाले.

विंडोज एसएसडीवर होतंच. नुसत्या साठवणीसाठी साधी ३.५ इंची हार्ड डिस्क पुरते, त्याच पैशात जागा बरीच जास्त मिळते. घेताना सीएमआर आहे की एसएमआर एवढं बघा. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, आणि मोठ्या कॉपीत स्पीड पार झोपतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या काही रेड डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या, तेव्हा बरीच बोंबाबोंब झाली होती. आम्ही नगरहून ४ टीबीची सीएमआर आणली. विंडोजला ती ३.६३ दिसते, दुकानदाराने फसवलेलं नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे.

जोडणं सोपं. पीसी बंद, वायर भिंतीतून काढलेली. डिस्क स्क्रूने घट्ट बसवा. मग दोन साटा केबल: ७ पिनची डेटाची मदरबोर्डला, १५ पिनची पॉवरची एसएमपीएसमधून. स्वस्त मोलेक्स कन्व्हर्टर शक्यतो नको, काही वितळतात.

आता खरी गडबड ऐका. डिस्क मॅनेजमेंट उघडलं. नवी म्हणजे 'डिस्क १' असणार असं मी धरून चाललो. राइट क्लिक, फॉरमॅट... आणि नाव दिसलं, 'लग्न २०२१'. हात गारच पडला! नंबर पोर्टप्रमाणे लागतात, कोण नवं कोण जुनं हे विंडोजला काय माहीत? दोन्ही ४ टीबीच्या, साइजवरूनही कळेना. सरळ पीसी बंद केला, जुन्या डिस्कच्या केबल काढल्या. मग एकटी नवी डिस्क इनिशियलाइझ केली, जीपीटी निवडून, कारण एमबीआर २ टीबीच्या पुढे जात नाही. 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', एनटीएफएस, झालं. जुन्या डिस्कसाठी मात्र विंडोजने कधी 'इनिशियलाइझ करू का' विचारलं, तर हो म्हणू नका बरं का.

मग जुनी परत जोडली आणि कॉपी लावली. आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, म्हणून आधी यूपीएस. विजेचा झटका आला तर एकाच डब्यातल्या दोन्ही डिस्क जाऊ शकतात, त्यामुळे तिसरी कॉपी यूएसबी डिस्कवर, मामींच्या कपाटात. रात्रभर कॉपी चालली. मामा दोनदा उठून बघून गेले.